सरासरीत न मावणारा पाऊस

नगर-कल्याण रस्त्याने आळेफाट्याहून माळशेजकडे निघाले की पिंपरी पेंढार लागते. पुढे ओतूर, मग घाट. हा प्रवास तासाभराचा, पण तेवढ्यात पाऊस पार बदलतो. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तालुक्याच्या पूर्व अंगाला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी साल बरे गेले म्हणायचे. कागदावर मात्र जुन्नर तालुक्याच्या पावसाची सरासरी एकच निघते. ती भिजणाऱ्यालाही लागू पडत नाही आणि वाट पाहणाऱ्यालाही नाही. जुन्नर-आंबेगावच्या हवामानाचा इतिहास वाचायचा तो ही सरासरी बाजूला ठेवून.

या मुलखाने पाण्याचा हिशेब फार पूर्वीपासून ठेवला आहे. सातवाहनकाळातल्या नाणेघाटात लेण्यांसोबत पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि शिवनेरीवरही कातळात टाक्यांची रांग आहे. मुसळधार पावसाच्या माथ्यावर टाकी कशाला, असे वाटेल. पण काळा कातळ पाणी धरत नाही. चार महिने धो धो वाहते आणि फाल्गुन-चैत्रात घशाला कोरड पडते. कोसळणाऱ्या पावसाच्या गावातही टंचाई असते, हे ती टाकी खोदणाऱ्यांना ठाऊक होते.

शिवाजी महाराजांचा जन्म याच शिवनेरीवर 1630 साली झाला. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि दख्खन-गुजरातवर 1630 ते 1632 या काळातला भीषण दुष्काळ ओढवला. शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने आणि सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्याची वर्णने लिहून ठेवली आहेत. देहूत तुकोबांच्या घरातही अन्नावाचून मृत्यू आला. हे संकट एकट्या आभाळाचे नव्हते. मोगल आणि निजामशाही यांच्या लढायांत फौजा याच मुलखातून फिरत होत्या. उरलेसुरले धान्य आणि चारा त्यांच्या वाटेला गेला. अवर्षण आभाळाने आणले, दुष्काळ माणसांनी पुरा केला.

1876 च्या दुष्काळात फौजा नव्हत्या, रेल्वे होती. पावसाअभावी खरीप बुडाला. धान्य बाजारात होते, पण ते घेण्याइतका पैसा कुणब्याच्या गाठी नव्हता. आदल्याच वर्षी पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले होते. त्या कर्जाखाली दबलेला शेतकरी आता खडी फोडायला गेला. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार 1877 च्या आरंभी मजुरी इतकी खाली आणली गेली, की गड्याच्या दिवसभराच्या कष्टाला एक रत्तल धान्याचे मोल आणि वर किरकोळ पैसा एवढेच मिळू लागले. अनेक ठिकाणी लोकांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, तर जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळपीडित मुलांसाठी बालाश्रम चालवला. पुढे दुष्काळ आयोग आला, दुष्काळसंहिता आली. 1896 साली टिळकांनी तीच संहिता शेतकऱ्यांपुढे ठेवून सांगितले, की सूट मागणे हा तुमचा हक्क आहे.

या वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणजे 1972. आज सत्तरीत असलेल्यांना मिलोच्या लाल भाकरीची आणि सुकडीची चव अजून आठवते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा कामांवर मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसे होती. हाल अतोनात झाले. पण 1630 किंवा 1877 सारखे सामूहिक मरण टळले. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेला कायद्याचे बळ मिळाले, हे त्या दुष्काळाचे खरे फलित.

याच काळात घाटमाथ्याचे पाणी पूर्वेकडे नेणारा कुकडी प्रकल्प आकाराला आला. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे झाली. कोरडवाहू शिवारात ऊस, कांदा, द्राक्षे उभी राहिली. किंमत मात्र वरच्या गावांनी मोजली. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली आहे.

आणि त्याच डिंभ्याच्या वरच्या अंगाला माळीण. 30 जुलै 2014 च्या सकाळी, संततधार पावसात डोंगराचा कडा खचला आणि गाव गाडले गेले. 151 माणसे दगावली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गाव दिसेना, तेव्हा कुठे बाहेर खबर गेली. कारण म्हणून पावसाकडे बोट दाखवले गेले. उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचीही चर्चा झाली. जवळच आमडे येथे नवे गाव वसले आणि 2017 साली लोक तिथे राहायला गेले.

अवर्षण हळू येते. आणेवारी लावायला, अर्ज करायला, मोर्चा काढायला ते वेळ देते. म्हणूनच साडेतीनशे वर्षांत आपण त्याच्याशी लढायचे काही कायदे तरी घडवले. दरड वेळ देत नाही. तिच्यासाठी पाऊस मोजायचा तो गावाच्या डोक्यावरच्या उतारावर, आणि मोजणाऱ्याच्या शब्दावर रात्रीत गाव हलवण्याची तयारी हवी. 2021 मध्ये तळिये आणि 2023 मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा ही तयारी अपुरी असल्याचे दिसले.

पिंपरी पेंढारच्या शिवारात कालव्याचे पाणी खेळते तेव्हा ते कुठल्या डोंगरावर पडले, याची आठवण तिथल्या माणसाने ठेवायला हवी. एकाच्या पिकाचे पाणी आणि दुसऱ्याच्या छपरावरचे संकट एकाच ढगातून उतरते. सरासरीत ते दिसत नाही.