तासगाव परिसरातील रक्तदान : नात्यातून गावकीत

तासगाव, सांगली आणि मिरज हा दवाखान्यांच्या दृष्टीने एकच पट्टा. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले आणि १९६२ मध्ये तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. तासगाव तालुक्यातील अडलेली बाळंतीण किंवा अपघातातील जखमी याच वाटेने जात राहिले.

तेथे पोहोचल्यावर प्रश्न उरे तो रक्ताचा. देशभर तेव्हा रक्त मुख्यतः दोन मार्गांनी मिळे : नातेवाइकांनी बाटलीच्या बदल्यात बाटली द्यायची किंवा धंदेवाईक रक्तदात्याला पैसे मोजायचे. पोटासाठी रक्त विकणारा माणूस आपला आजार सांगत नसे, आणि ज्याच्यामागे माणसे नाहीत त्या रुग्णाचे हाल होत. यांपैकी विक्रीची वाट बंद केली ती न्यायालयाने. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये दिलेल्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून रक्ताच्या विक्रीवर बंदी आली.

मोकळी झालेली जागा महाराष्ट्रात शिबिरांनी भरली. गणेश मंडळे, तालमी, महाविद्यालये, नेत्यांचे वाढदिवस, थोरांच्या पुण्यतिथ्या यांना रक्तदान जोडले गेले. शिबिरातील पहिली परीक्षा एका थेंबाची असते. बोटाला सुई टोचून काढलेला थेंब निळ्या द्रावणात सोडतात. तो झरझर तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसे, तरंगत राहिला तर दात्याला परत पाठवतात. हे द्रावण मोरचुदाचे. फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी तासगावच्या द्राक्षबागायतदाराकडे तेच मोरचूद असते. त्यानंतर साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी भरते, चहा-बिस्कीट होते आणि प्रमाणपत्र हाती पडते.

उत्सवाला बांधलेल्या दानाची उणीवही उघड आहे. पिशवीतील रक्त साधारण ३५ दिवस टिकते, बिंबिका (प्लेटलेट) तर ५ दिवसच. एकाच दिवशी शंभर पिशव्या जमल्या तरी महिन्याभराने शीतकपाट रिकामे होऊ शकते. मे महिन्यात महाविद्यालये बंद झाली की टंचाई जाणवते. विद्यार्थ्यांच्या रक्तावर चालणाऱ्या आफ्रिकेतील अनेक देशांना सुट्ट्यांत हीच अडचण येते. त्यावर झिंबाब्वेने १९८९ मध्ये उपाय काढला : पंचविसाव्या वर्षापर्यंत पंचवीस वेळा रक्त देण्याची शपथ घेणाऱ्या तरुणांचा क्लब. पुढे इतर देशांनीही तो उचलला. एका दिवसाच्या गर्दीपेक्षा पुन्हा पुन्हा येणारा दाता मोलाचा, हे त्यांनी वेळीच ओळखले.

दुर्मिळ गटांच्या बाबतीत तर हे फारच खरे. डॉ. य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या रुग्णाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. त्याला त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. असा दाता ऐन वेळी शिबिरात सापडत नाही, त्याची नोंद आधीच असावी लागते.

निरोगी पुरुषाला दर ३ महिन्यांनी आणि स्त्रीला दर ४ महिन्यांनी रक्त देता येते. तासगावातील मंडळांनी वर्षातले एक मोठे शिबिर चार छोट्या शिबिरांत वाटले आणि दात्यांच्या याद्या रक्तपेढीकडे ठेवल्या, तर मे महिन्यातील रुग्णालाही रक्त मिळेल.