अन्नविषयक अतिसंवेदनशीलता : चव आणि पोत

अन्नाची चव, वास, तापमान किंवा तोंडात जाणवणारा पोत इतक्या तीव्रतेने जाणवणे की ठरावीक पदार्थ खाणे अशक्यप्राय व्हावे, अशा अवस्थेस अन्नविषयक अतिसंवेदनशीलता म्हणतात. नावडती भाजी माणूस नाक मुरडत का होईना, खातो. या अवस्थेत घास तोंडात जाताच उबळ येते, घसा आवळतो, डोळ्यांत पाणी येते; काहींना पदार्थ नुसता दिसला किंवा त्याचा वास आला तरी मळमळते. ही अवस्था लहान मुलांत अधिक दिसते, मात्र अनेकांना ती प्रौढपणीही सोडत नाही. स्वमग्नता (ऑटिझम), अवधानन्यूनता-अतिचंचलता (एडीएचडी) आणि चिंताविकार यांच्या जोडीने ती वारंवार आढळते. यांपैकी काहीही नसलेल्या व्यक्तींतही ती असू शकते. नागपूर व विदर्भाच्या तिखट, तेलकट, मिश्र पोताच्या आहारात तिच्यासह जगणे विशेष कठीण जाते.

शरीरक्रिया : आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय असे सहा रस मानले आहेत. आधुनिक शरीरक्रियाविज्ञान जिभेवरील स्वादकलिकांना कळणाऱ्या पाच मूळ चवी सांगते : गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. तिखट आणि तुरट या तोंडातील स्पर्श, उष्णता व वेदना यांच्या संवेदना असून त्या मुख्यतः पाचव्या मस्तक तंत्रिकेमार्फत मेंदूकडे जातात. मिरचीतील कॅप्सायसिन ज्या ग्राहीवर काम करते, तीच ग्राही भाजण्याची उष्णताही ओळखते. 1997 मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांनी ही ग्राही ओळखली. स्पर्शाची ग्राही शोधणारे आर्डेम पॅटापूशियन यांच्यासमवेत त्यांना 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिखटाने तोंड भाजले असे सांगणाऱ्या मुलाच्या मज्जासंस्थेत खरोखरच भाजल्याचा संदेश उमटलेला असतो.

सर्वांची जीभ सारखी नसते, याचा एक जुना पुरावा 1931 मधला आहे. अमेरिकेतील रसायनज्ञ आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत फेनिलथायोकार्बमाइड या रसायनाची भुकटी उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्स यांना काहीच चव कळली नाही. हा फरक आनुवंशिक असल्याचे पुढे दिसून आले आणि 2003 मध्ये त्यामागील जनुक ओळखले गेले. कोबीवर्गीय भाज्यांचा कडवटपणा काहींना अधिक जाणवण्यामागे हेच जनुक असू शकते.

पोताची जाणीव ओठ, जीभ, टाळू, हिरड्या आणि जबड्याचे स्नायू मिळून करून देतात. मराठी स्वयंपाकघर या जाणिवा बारकाईने ओळखते : बुळबुळीत, चिकट, रवाळ, गिचका, वातड, चोथट, ओशट, खुसखुशीत, कुरकुरीत. अतिसंवेदनशील व्यक्तीला बहुधा मिश्र पोत सर्वांत कठीण जातो. पातळ रश्श्यातला घट्ट तुकडा किंवा मऊ भातातला कडक दाणा आला की एकाच घासात काही चावायचे आणि काही गिळायचे असते, त्यात उबळ येते. अशी मुले बिस्किटे, मुरमुरे, कोरडी पोळी किंवा साधा भात धरून बसतात, यामागेही कारण आहे. हे पदार्थ दर वेळी सारखेच लागतात. पुढचा घास कसा असेल, हे आधीच माहीत असल्याने तोंड निर्धास्त राहते.

नागपूरचा आहार : शहराच्या खाद्यसंस्कृतीची जी वैशिष्ट्ये अभिमानाने सांगितली जातात, तीच येथे अडचणीची ठरतात. हलबा-कोष्टी विणकर समाजातून आलेल्या सावजी रश्श्यात भाजलेले सुके खोबरे, खसखस व गरम मसाले असतात आणि वर तेलाचा लालभडक तवंग येतो. त्यात जळजळ, ओशटपणा, उग्र वास आणि वाटणाचा रवाळपणा एकाच वेळी जाणवतो. तर्री-पोह्यांत मऊ पोहे, सालीसकट हरभरे, कच्चा कांदा आणि पातळ तर्री एकत्र येतात. तर्री मुरेल तसा पोह्यांचा पोत मिनिटागणिक बदलतो. वडाभातात मोकळ्या भातावर डाळीच्या वड्याचा चुरा आणि गरम फोडणीचे तेल असते. सांबारवडीचे आवरण कुरकुरीत, तर आतले कोथिंबिरीचे सारण ओलसर व तंतुमय असते. पाटोडी-रस्सा, भेंडी आणि अंबाडीची भाजी यांबाबतही अशाच तक्रारी येऊ शकतात.

2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले नागपूरचे संत्रे हे याचे बोलके उदाहरण आहे. क जीवनसत्त्वाचा हा स्थानिक व सहज मिळणारा स्रोत आहे. पण फोडीचे पातळ पापुद्रे, पांढरे दोरे, बिया, अचानक फुटणारा रस आणि फोडीफोडीला बदलणारा आंबट-गोडपणा यांमुळे काही मुलांना ते तोंडात धरवत नाही. त्यांपैकी काही मुले त्याच संत्र्याचा गाळलेला रस पितात. फळ सोडून द्यावे लागत नाही, त्याचे रूप बदलावे लागते.

उन्हाळ्यात नागपूरचे तापमान 45 अंश सेल्सिअसपलीकडे जाते. या दिवसांत सर्वांचीच भूक मंदावते; ज्याच्या आहारात मोजकेच पदार्थ आहेत, त्याचे खाणे आणखी आक्रसते. थंड ताक, पन्हे किंवा रस यांपैकी मूल जे घेते ते या काळात हाताशी ठेवणे आवश्यक असते.

वैद्यकीय वर्गीकरण : 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे पहिले प्रसिद्ध वर्णन 11 मुलांच्या आधारे केले. त्यांतील अनेकांच्या इतिहासात बाळपणापासूनच्या खाण्याच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद मात्र स्वमग्नतेच्या अमेरिकन निदाननिकषांत 2013 मध्ये, डीएसएम-5 या आवृत्तीत समाविष्ट झाला. याच आवृत्तीत ‘टाळणारा व मर्यादित आहारग्रहण विकार’ (संक्षेपाने आर्फिड) हे स्वतंत्र निदान आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 वर्गीकरणातही ते आहे. या विकारामागे तीन कारणे सांगितली जातात : संवेदनांची तीव्रता, अन्नातच रस नसणे, आणि गुदमरण्याची वा उलटीची भीती. एका व्यक्तीत एकाहून अधिक कारणे असू शकतात. वजन किंवा शरीराच्या आकाराविषयीची चिंता या विकारात नसते. म्हणून तो अॅनोरेक्सियाहून वेगळा आहे.

प्रत्येक चोखंदळ मुलाला हा विकार नसतो. साधारण 2 ते 6 वर्षे या वयात नव्या अन्नाची भीती बहुतेक मुलांत वाढते आणि पुढे ओसरते. वजन घटणे किंवा वाढ खुंटणे, पोषणद्रव्यांची कमतरता, पूरक आहारावर अवलंबून राहावे लागणे, किंवा खाण्यामुळे शाळा, नातेसंबंध व घराबाहेरचा वावर बिघडणे, यांपैकी काही घडत असेल तरच निदानाचा विचार होतो.

परिणाम : आहार फार आक्रसला तर रक्तक्षय, बद्धकोष्ठता, अ, क, ड व ब-12 जीवनसत्त्वांची कमतरता उद्भवते. स्वमग्न मुलांत अशा आहारामुळे स्कर्व्ही झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. 2019 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी एका किशोरवयीन मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पोतामुळे बहुतेक अन्न टाळून तो अनेक वर्षे मुख्यतः बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या, पांढरा पाव आणि प्रक्रिया केलेले मांस यांवर राहिला होता आणि पोषणाअभावी त्याची दृष्टी कायमची अधू झाली. त्याचे वजन मात्र सर्वसाधारण होते. अंगाने बरे दिसणारे मूल पोषणाने ठीक असेलच असे नाही, हे यातून कळते.

मानसिक हानी याहून कमी दिसते, पण खोल असते. पानात टाकणे पाप समजले जाते, वाढणाऱ्याचा आग्रह हा प्रेमाचा भाग असतो आणि पंगतीत नको म्हणणे यजमानाचा अपमान ठरतो. अशा समाजात या मुलाला हट्टी, लाडावलेले, माजलेले ही विशेषणे रोज ऐकावी लागतात. आईला ‘तूच सवयी लावल्यास’ असे ऐकवले जाते. प्रौढांना लग्नसमारंभ, कार्यालयातील डबा, वसतिगृहाची मेस आणि सासरचे पहिले जेवण या प्रत्येक ठिकाणी खुलासा द्यावा लागतो. कित्येक जण उपवास आहे किंवा पोट बिघडले आहे, असे सांगून सुटका करून घेतात. त्यातून येणारा एकटेपणा हा या अवस्थेचाच परिणाम आहे.

तपासणी : प्रथम शारीरिक कारणे वगळावी लागतात. किडलेले दात, वाढलेले टॉन्सिल, जठरातील आम्ल वर येणे, बद्धकोष्ठता, गिळण्यातील दोष आणि अन्नाची अॅलर्जी यांमुळेही मूल अन्न नाकारते. प्रौढात चव अचानक बदलली असेल तर विषाणुसंसर्ग, औषधे, कर्करोगावरील उपचार किंवा जस्ताची कमतरता यांचा विचार करतात. घास अडकणे, खाताना वारंवार खोकला येणे, वजन घटणे आणि खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी महिन्यागणिक लहान होत जाणे ही तातडीने तपासणी करण्याची लक्षणे होत.

नागपूरमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेयो) आणि मिहानमधील एम्स येथील बालरोग व मानसोपचार विभाग ही सुरुवातीची ठिकाणे आहेत. केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्रही (सीआरसी) शहरात आहे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांची विकासविषयक तपासणी होते आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

उपचार : बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा व गिळण्याचे उपचारक आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ मिळून उपचार करतात. संवेदनांच्या अडचणींकडे पाहण्याची दृष्टी प्रामुख्याने व्यवसायोपचारातून आली. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स यांनी 1972 च्या ग्रंथात संवेदन-एकात्मीकरणाचा सिद्धांत मांडला. त्यावर आधारित उपचारांचे पुरावे अद्याप संमिश्र आहेत. भारतात या शाखेचा पाया कमला निंबकर यांनी घातला. 1950 मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही या शाखेचे शिक्षण दिले जाते.

उपचाराचा पहिला नियम जबरदस्ती न करणे हा आहे. नाक दाबून भरवणे, मार, आमिष किंवा इतरांशी तुलना यांमुळे त्या अन्नाशी भीती जोडली जाते आणि नकार पक्का होतो. ‘भूक लागली की खाईल’ हा उपाय या मुलांना लागू पडत नाही. काही मुले उपाशी राहतात, पण तो घास घेत नाहीत. आवडत्या पदार्थात भाजी लपवणेही धोक्याचे असते. चोरी कळली तर मूल तो सुरक्षित पदार्थही सोडते.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी बहुतेक घरांत उपयोगी पडते : काय, केव्हा आणि कोठे वाढायचे ते पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, ते मुलाने ठरवावे. ताटात एक तरी पदार्थ खात्रीचा असावा. नवा पदार्थ कणाकणाने, शेजारच्या वाटीत यावा. पाहणे, हात लावणे, वास घेणे, जिभेला लावणे, चावून बाहेर टाकणे ही प्रत्येक पायरी प्रगती समजावी. एखादा पदार्थ स्वीकारण्याआधी सर्वसाधारण मुलांनाही तो 8 ते 15 वेळा समोर यावा लागतो. या मुलांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

जमणाऱ्या पदार्थापासून जवळच्या पदार्थाकडे सरकणे ही दुसरी पद्धत आहे. फुटाणे खाणाऱ्या मुलाला आधी कोरडी उसळ आणि बऱ्याच काळाने रस्सा असा क्रम लावता येतो. कोरड्या पोळीवरून मेथीचा खाकरा, पुढे मेथीचा पराठा अशी वाट काढता येते. कप्प्यांच्या ताटामुळे रस्सा भातात मिसळत नाही. फोडणी चालू असताना मुलाला दुसऱ्या खोलीत बसू देणे आणि अन्न कोमट वाढणे हे बिनखर्चाचे उपाय आहेत. रक्तक्षय वा जीवनसत्त्वांची कमतरता आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधे देतात. प्रौढांसाठी बोधनात्मक वर्तनोपचाराचा या विकाराला जुळणारा प्रकार विकसित झाला आहे.

शाळा आणि कायदा : पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणारे शालेय पोषण आहाराचे जेवण 2021 पासून पीएम पोषण या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रात त्यात खिचडी-पुलावासारखे एकत्र शिजवलेले पदार्थ अधिक असतात आणि मिश्र पोत न सोसणारी मुले त्यांच्या जवळही जात नाहीत. अशा मुलाला घरचा डबा आणू देणे, गर्दीपासून थोडे दूर बसवणे आणि ताट संपवण्याची सक्ती न करणे एवढे शिक्षकांच्या हाती असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे; अन्नविषयक अतिसंवेदनशीलता स्वतंत्रपणे नाही. स्वमग्न व्यक्तींना राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळू शकते.

योग्य मदत मिळाल्यास आहाराची यादी हळूहळू वाढते. ती सर्वांच्या यादीइतकी होणे हे उपचाराचे उद्दिष्ट नसते. पुरेसे पोषण मिळणे आणि चारचौघांत न घाबरता जेवायला बसता येणे, ही दोन उद्दिष्टे साधली की उपचार यशस्वी मानावेत. घरच्यांनी, शिक्षकांनी आणि यजमानांनी अशा व्यक्तीच्या ‘नको’वर विश्वास ठेवावा. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.