‘मालविकाग्निमित्रां’तील दृष्टिविचार

कालिदासाचें ‘मालविकाग्निमित्र’ हें नाटक संशोधकांच्या हातीं वारंवार येतें. परंतु तें बहुधा पांचव्या अंकावरच उघडतें. तेथें सेनापति पुष्यमित्राचें पत्र आहे. अश्वमेधाचा अश्व, सिंधूच्या तीरीं यवनांशीं झालेला संग्राम, वसुमित्राचा विजय, यज्ञसेन व माधवसेन यांजमध्यें विदर्भराज्याची केलेली वांटणी आणि त्या वांटणीची सीमा म्हणून वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी, इतकी सामग्री एके ठिकाणीं मिळत असतां शुंगकालाचा अभ्यासक तिकडे धांव घेईल यांत नवल नाहीं. अयोध्येच्या धनदेवाच्या शिलालेखांत पुष्यमित्रानें दोन अश्वमेध केल्याचा निर्देश आहे. तो लेख १९२४ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून तर या अंकाचें वजन अधिकच वाढलें. बाकीचे चार अंक मात्र ‘शृंगार’ म्हणून बाजूस ठेवावे, असा एक अलिखित संकेत पडून गेला आहे. शाळेंत हें नाटक शिकवितांना आम्हीं तोच संकेत चाललेला पाहिला. परीक्षेंत प्रश्न येई तो पत्रावर, मालविकेच्या नेत्रांवर कधींच नाहीं.

हा संकेत आम्हांस मान्य नाहीं. अग्निमित्र हा इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकांतील पुरुष. कालिदासाचा काल इ. स. पांचव्या शतकाच्या सुमारास धरिला तर कवि व नायक यांजमध्यें पांचसहा शतकांचें अंतर पडतें. आपल्या व शिवछत्रपतींच्या दरम्यान आहे त्याहून हें अंतर पुष्कळ अधिक. तेव्हां प्रस्तुत नाटक कालिदासाच्या काळींही ऐतिहासिक प्रणयकथाच होतें. अशा कथेंतील घटना कवीनें कोठून घेतल्या, हा प्रश्न आपण विचारतों. त्यांतील भावना कोठून घेतल्या, हा प्रश्न मात्र विचारीत नाहीं. जणूं त्या त्याच्या मनांतून आपोआप उगवल्या. वस्तुतः भावनेलाही आधारग्रंथ असतात, आणि येथें तर ते उपलब्ध आहेत.

भरताच्या नाट्यशास्त्राचा आठवा अध्याय वाचकांच्या परिचयाचा असेलच. त्यांत दृष्टि एकंदर ३६ सांगितल्या आहेत. कान्ता, करुणा, रौद्री इत्यादि ८ रसांच्या; स्निग्धा, हृष्टा, दीना, क्रुद्धा इत्यादि ८ स्थायिभावांच्या; आणि लज्जान्विता, शंकिता, मुकुला, जिह्मा, मदिरा इत्यादि २० संचारी भावांच्या. शिवाय बुबुळाचीं कर्में ९, पापण्यांचीं ९, भुंवयांचीं ७, आणि पाहण्याचे प्रकार ८. हें केवळ वर्गीकरणाचें वेड नव्हे. रंगभूमीवर दूर बसलेल्या प्रेक्षकास नटीच्या मनांतलें कळावें यासाठीं डोळ्याचा एक एक भाग सुटा करून शिकविण्याची ती रीत आहे. ती रीत महाराष्ट्रांतही नांदत होती. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरा’च्या सातव्या अध्यायांत त्याच ३६ दृष्टि पुन्हा सांगितल्या आहेत, आणि हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें छापिलेला असल्यामुळें कोणासही पाहतां येतो. चित्रकारांचें शास्त्र निराळें होतें. विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्र नेत्रांचे आकार पांच सांगतें आणि प्रत्येक आकार कोणास द्यावा तेंही सांगतें. ध्यानस्थाचा धनुष्यासारखा, स्त्रियांचा व प्रेमिकांचा माशाच्या उदरासारखा, भ्यालेल्याचा व रडणाऱ्याचा कमलपत्रासारखा, इत्यादि.

आतां नाटकाकडे वळूं. अग्निमित्रास मालविका प्रथम दिसते ती चित्रांत. पुढें दुसऱ्या अंकांत गणदासाची शिष्या म्हणून ती प्रत्यक्ष रंगावर येते, तेव्हां राजा म्हणतो कीं, चित्रांतील रूप खरें नसेल अशी शंका होती, परंतु आतां वाटतें कीं चित्रकाराचीच एकाग्रता ढिली पडली होती. नंतर ती शर्मिष्ठेच्या कृतींतील चतुष्पदी गाऊन अभिनय करिते. जवळ राणी धारिणी बसली आहे. राजाच्या मतें त्या गीताच्या निमित्तानें मालविका आपलेंच मन त्यास कळवीत आहे, कारण राणी समोर असतां दुसरा मार्गच नाहीं. येथें वाचकानें थोडें थांबावें. अभिनयाच्या शास्त्रशुद्ध दृष्टींत खरी दृष्टि लपविली आहे. सर्वांसमक्ष केलेली गोष्ट एकालाच कळते. पंडिता कौशिकी प्रयोगास निर्दोष ठरविते तें शास्त्राच्या मापानें. राजा त्याच प्रयोगाचें माप निराळें घेतो. दोघांचेंही म्हणणें खरें आहे.

पण आम्हांस यापेक्षां महत्त्वाचें वाटतें तें पुढचें. नृत्य संपतें, मालविका उभी राहते. डावा हात कटीवर, नजर खालीं फरशीवर, जेथें ती पायाच्या अंगठ्यानें एक फूल हलवीत आहे. राजाला हें उभें राहणें नृत्याहूनही रम्य वाटतें. शास्त्राच्या परिभाषेंत या नजरेस ‘अवलोकित’ म्हणावें लागेल, कारण खालीं जमिनीकडे पाहणें याचें तें नांव आहे. परंतु येथें आचार्याची आज्ञा संपलेली आहे. शिकविलेली दृष्टि संपल्यावर जी उरली तीच कवीनें अधिक सुंदर ठरविली, आणि हें शास्त्र पूर्ण जाणणाऱ्या कवीनें ठरविलें.

चौथ्या अंकांतील समुद्रगृहाचा प्रसंग याहून सूक्ष्म आहे. बकुलावलिका मालविकेस राजाचें चित्र दाखविते. मालविका म्हणते कीं, प्रत्यक्ष समोर असतां पाहून तृप्ति झाली नव्हती ती आतां चित्रांत होत आहे. आडून ऐकणारा राजा विदूषकास याचें कारण सांगतो: प्रथमसमागमीं स्त्रियांस प्रियाचें रूप संपूर्ण पाहावेंसें वाटतें, पण त्यांची नजर त्याजवर पुरती पडतच नाहीं. एवढ्यांत मालविकेचें लक्ष चित्रांतील राजाच्या नजरेकडे जातें. तो कोणा दुसरीकडे पाहत आहे. ही कोण, जिला स्वामी ‘स्निग्ध’ दृष्टीनें न्याहाळीत आहेत? हा शब्द सैलपणें आलेला नाहीं. रति या स्थायिभावाची दृष्टि ती स्निग्धा, आणि बोलणारी नाट्याचार्याची शिष्या आहे. चित्रांतील डोळा तिनें शास्त्रानें वाचला, आणि वाचून ती दुखावली! ती दुसरी इरावती निघते. मालविका मत्सरानें तोंड फिरविते.

त्या फिरविलेल्या मुखाचें वर्णन राजा करितो. भुंवई चढल्यानें तिलक भंगला आहे, अधर स्फुरत आहे. आणि पुढें तो म्हणतो कीं, प्रियकराच्या अपराधावर रागावण्याचा जो ललित अभिनय गुरूनें शिकविला तोच जणूं ती दाखवीत आहे. खरा राग आणि शिकविलेला राग हे दिसण्यांत एकच. कालिदासाच्या काळच्या सुसंस्कृत प्रेक्षकास हें अगदीं स्वाभाविक वाटत असलें पाहिजे, नाहीं तर ही उत्प्रेक्षा हास्यास्पद झाली असती. येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. असूयेला शास्त्रानें ‘जिह्मा’ दृष्टि नेमून दिलेली आहे. कवीनें भुंवई घेतली, ओठ घेतला, परंतु या श्लोकांत डोळा घेतलाच नाहीं. मुख वळलेलें असल्यानें तो राजास दिसणारा नव्हता. शास्त्रांत तयार असलेलें विशेषण प्रसंगास विसंगत म्हणून टाकून देणें, यास आम्ही कवीचा प्रामाणिकपणा म्हणतों.

कोणी आक्षेप घेईल कीं, हा सर्व सांकेतिक व्यवहार असल्यास त्यांत इतिहास कोठें राहिला? अग्निमित्राच्या विदिशेंत कोणी कोणाकडे कसें पाहिलें याचा पुरावा यांत नाहीं, हें उघड आहे, आणि तसा पुरावा म्हणून त्याचा उपयोग कोणीं करूंही नये. हा पुरावा पांचव्या शतकांतील विदग्ध समाजाचा आहे. मनांतील भाव दुसऱ्यास कसा ओळखूं यावा याविषयीं त्या समाजाची एक ठरलेली भाषा होती, ती नटी, चित्रकार व कवि या तिघांस समान होती. त्याच शतकांत वाकाटकांच्या राज्यांत अजिंठ्याचीं चित्रें रंगविलीं गेलीं. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीच्या खालीं वळलेल्या नेत्रांपुढें उभें राहणाऱ्यास या भाषेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

मराठींत ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून (१८७१) मानितात. या वाङ्मयप्रकारास आपण नांव दिलें तें बाणभट्टाच्या कथेचें. परंतु बाणाची एक युक्ति मात्र आपल्याकडे फारशी आली नाहीं. महाश्वेतेस पाहतांना पुंडरीकाच्या हातांतून जपमाळ गळते, तें त्यास कळत नाहीं. पुढें तो माळ परत मागतो तेव्हां ती आपला मोत्यांचा हार त्याच्या हातावर ठेविते. दृष्टि तिच्या मुखावर खिळलेली, म्हणून तेंही त्यास कळत नाहीं. डोळ्याला एकही विशेषण न लावतां डोळ्याची अवस्था हातानें सांगितली. पुढील कादंबरीकारांनीं मृगनयन व कटाक्ष यांचा सांठा मुबलक उचलला आणि हा हात तेथेंच ठेविला, असें आम्हांस वाटतें.

शेवटीं हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंति. नाटकांतील श्लोक वृत्तानें बांधलेला असतो, त्यामुळें लेखकाच्या हातून तो सहसा फार बिघडत नाहीं. परंतु दृष्टीविषयींच्या पुष्कळशा सूचना गद्यांत असतात. ‘सासूयम्’, ‘सलज्जम्’, ‘सस्मितम्’ अशा एकेका पदाच्या. एखादी सूचना लेखक गाळतो, एखादी प्रयोग पाहिलेला वाचक समासांत लिहितो आणि पुढची प्रत ती पोटांत घेते. मालविका व तिच्या सख्या प्राकृत बोलतात. तेथें मूळ प्राकृताऐवजीं नुसती संस्कृत छायाच उतरली गेली म्हणजे कवीनें कोणता शब्द योजला होता याविषयीं संशय राहतो. शंकर पांडुरंग पंडितांनीं १८६९ सालीं मुंबईंत या नाटकाची आवृत्ति काढली, तेव्हांपासून पाठभेदांचा पुष्कळ विचार झाला आहे. पण चर्चा चालते ती श्लोकांतील पाठांवर. ज्यांच्या संग्रहीं ‘मालविकाग्निमित्रा’ची अथवा त्यावरील काटयवेमाच्या टीकेची पोथी असेल त्यांनीं चौथा अंक उघडून तीन गोष्टी टिपून ठेवाव्या: चित्रदर्शनाच्या प्रसंगीं मालविकेच्या प्रश्नांतील ‘स्निग्ध’ हें पद प्राकृतांत आहे कीं छायेंत, तिच्या तोंड फिरविण्याची सूचना कोणत्या शब्दांनीं दिली आहे, आणि ती ओळींत आहे कीं समासांत, व समासांत असल्यास कोणत्या हस्ताची.