निवासी ट्रेलर व प्रवासी व्हॅन

निवासी ट्रेलर म्हणजे मोटारगाडीस जोडून ओढून न्यावयाचे चाकांवरील छोटे घर. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याचा प्रसार १९३० नंतर झाला. वॉली बायम यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ (१९३६) हा त्याचा प्रसिद्ध नमुना होय. दुसऱ्या महायुद्धानंतर तो ओढण्यास मोठ्या स्टेशन वॅगन वापरीत. परंतु १९७३ ची तेलटंचाई व १९७५ चा इंधनबचत कायदा यांमुळे त्यांचा आकार घटत गेला. फोर्ड कंपनीने १९७५ च्या नमुन्यापासून इकोनोलाइन व्हॅनला स्वतंत्र सांगाडा दिला व मोठे कुटुंब आणि जड ट्रेलर ही दोन्ही एकाच गाडीने नेता येऊ लागली.

तथापि ट्रेलरच्या वजनाचा सु. १० ते १५ टक्के भार जोडावर पडतो. तो व मागील आसनांवरील प्रवाशांचा भार मागील आसावर एकवटून पुढील चाकांची पकड कमी होते. भारवितरक जोडाने काही भार पुढील आसाकडे वळतो. गाडीची भारमर्यादा मात्र वाढत नाही. १५ आसनी व्हॅनमध्ये दहा वा अधिक माणसे असल्यास एकवाहनी अपघातांत ती उलटण्याचे प्रमाण जवळजवळ तिप्पट होते, असे अमेरिकन शासनाने २००१ मध्ये जाहीर केले. म्हणून सर्व आसने भरून ट्रेलरही पूर्ण क्षमतेने ओढणे धोक्याचे ठरते.