संमतिवयाच्या वादांतील दोन प्रमाणें

१८९१ च्या अखेरीस नागपुरास राष्ट्रीय सभेच्या जोडीनें न्यायमूर्ति रानडे यांची सामाजिक परिषद भरली होती. तिचा विषय निघाला म्हणजे मिहाननजीक माझ्या घरीं जुने कागद पाहावयास येणारे संग्राहक मित्र विचारतात कीं, प्रार्थनासमाजी रानडे व भांडारकर आणि अज्ञेयवादी आगरकर हे सुधारणेच्या एका पक्षांत राहिले कसे? उत्तर त्याच वर्षीच्या संमतिवयाच्या वादांत सांपडतें.

१८९० मध्यें कलकत्त्यास फुलमणी नांवाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतिसंगानें मरण पावली. पुढील मार्चमध्यें कायदा होऊन संमतिवय १० वरून १२ वर्षांवर आलें. प्रथम रजोदर्शनीं गर्भाधान अवश्य आहे, सबब हा कायदा धर्मांत हात घालतो, असें विरोधकांचें म्हणणें होतें. त्यावर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं गृह्यसूत्रें पुढें केलीं. विवाहानंतर चौथ्या रात्रीं सांगितलेलें चतुर्थीकर्म पाहतां सूत्रकालीं वधू प्रौढ असली पाहिजे, असें त्यांचें अनुमान. टिळकांनीं शास्त्राधारेंच प्रत्युत्तर दिलें.

गोपाळ गणेश आगरकरांचा मार्ग निराळा होता. १८८८ मध्यें त्यांनीं काढलेल्या 'सुधारका'ची भूमिका अशी कीं, शास्त्र अनुकूल असो वा प्रतिकूल, रूढीची परीक्षा बुद्धीनें व मनुष्याच्या सुखदुःखावरून व्हावी.

एकानें शब्दप्रमाण सोडलें नाहीं, दुसऱ्यानें तें मागितलेंच नाहीं. तथापि निर्णय एकच झाला. हा केवळ योगायोग नव्हे. भांडारकर वचनांतील कालभेद मानीत, आणि जो वचनास काल जोडतो तो मानवी बुद्धीस परीक्षक नेमतो. येथेंच दोघांची भूमि एक होते. पोथीपुढें ते निरनिराळ्या वाटेनें आले, पण त्या मुलीच्या दुःखाकडे दोघांनींही पाठ फिरविली नाहीं.

मात्र यास मतैक्य म्हणूं नये. आगरकर १८९५ मध्यें वारले ते अज्ञेयवादीच. भांडारकरांची ईश्वरोपासनाही अखंड राहिली. कोणीं कोणास आपलें तत्त्वज्ञान टाकावयास लाविलें नाहीं, म्हणूनच सहकार्य शक्य झालें.

आपण 'सुधारका'चे अंक एका कपाटांत व सूत्रग्रंथांच्या पोथ्या दुसऱ्यांत ठेवतों. या वादापुरते तरी दोन्ही एकाच मेजावर मांडून वाचावे, एवढीच विनंति.