जीव वाचला, चाल राहून गेली

पाचूबंदरच्या कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील सुकत असले की खाली राखणीला कुत्री असतात. त्यांतलेच एक, आमच्या दारचे, मागचा पाय उचलून तीन पायांवर चालू लागले. शेजारीण म्हणाली, "आता हे असंच चालायचं." त्या 'असंच'चा माग काढत मी परळला पोहोचलो.

मुंबईत कुत्र्याच्या जिवासाठीचा झगडा जुना आहे. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२मध्ये पारशी रस्त्यावर उतरले, हिंदू-जैनही त्यांना मिळाले. १८३४मध्ये जमशेटजी जीजीभॉय व मोतीशा शेट यांच्या पुढाकाराने पांजरपोळाची स्थापना झाली. पुढे परळला १८८३मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि १८८६मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आले. आधी जीव राखला गेला, मग उपचार मिळाले. चाल मात्र राहून गेली.

त्याच परळात, केईएम रुग्णालयात, १९५०च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. माणसाचा लुळा पाय रोजच्या व्यायामाने सावरता येतो, हे ज्ञान जनावरांच्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. कुत्र्याच्या गुडघ्यापर्यंत यायला मात्र त्याला दशके लागली, आणि ती जगभरच. फिनलंडच्या साकी पात्सामा यांनी १९५२मध्ये कुत्र्याच्या गुडघ्यातील लिगामेंटच्या इजांवर प्रबंध लिहिला. प्राण्यांच्या फिजिओथेरपीवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद अमेरिकेत ओरेगॉनला भरली, ती १९९९मध्ये.

गुडघ्यातील क्रुशिएट लिगामेंट तुटले की कुत्रे पाय टेकत नाही. न टेकल्याने मांडीचे स्नायू वाळतात आणि सांध्याचा आधार आणखी कमी होतो. हे चक्र व्यायामाने तोडायचे असते. दुखणे ताजे असताना बर्फ, मग हलक्या हाताने पाय वाकवणे-पसरणे, पुढे दोरीला धरून संथ चालवणे, आणि पाणी. गुडघाभर पाण्यात उभ्या कुत्र्याच्या पायांवर वजनाचा सुमारे ८५ टक्के भार येतो. पाणी कमरेच्या सांध्यापर्यंत असले, तर फक्त ३८ टक्के.

आमच्या कुत्र्याला आधी पशुवैद्यांना दाखवले. त्यांच्या सांगण्यावरून, समुद्र शांत असे तेव्हा, रोज काही मिनिटे त्याला उथळ पाण्यात चालवले. काही महिन्यांनी त्याने पाय टेकला. लंगडते अजून, पण चार पायांवर. शेजारीण आता भरती-ओहोटीची वेळ मलाच विचारते. तिच्याही दारचे एक म्हातारे कुत्रे उठताना कण्हते. तिला मी एवढेच सांगितले, की पाण्यात नेण्याआधी डॉक्टरांना दाखव.