पुण्याच्या रस्त्यानं गेलेली मुलं

आमच्या लोणी देवकरच्या फाट्यावर उभं राहिलं की सोलापूर रस्ता एका अंगाला भिगवणवरून पुण्याकडे जातो आणि दुसऱ्या अंगाला इंदापूर, टेंभुर्णी करत पंढरपूरच्या वाटेला लागतो. लग्नाआधी दिवस गेलेली पोर असो की नवरा वारल्यावर पोटुशी राहिलेली सून, गावातून निघाली की या दोहोंपैकी एका बाजूला जायची. मी या भागातल्या उपकेंद्रांत नर्स म्हणून नोकरी केली. माझं शिक्षण सुया टोचण्याचं आणि बाळंतपणं करण्याचं, इतिहासाचं नाही. तरी परदेशात दत्तक गेलेल्या मुलांबद्दल मिळेल ते मी वाचत आले. ज्या बायांच्या पोटी अशी मुलं येतात, त्यांची नाडी मी हातात धरलेली आहे.

पंढरपूरची वाट जुनी. एकोणिसाव्या शतकात विधवा बाई यात्रेच्या निमित्तानं तिथं जायची, मोकळी व्हायची आणि रिकाम्या हातानं परतायची. मूल चंद्रभागेच्या वाळवंटात, नाहीतर एखाद्या मठाच्या पायरीवर. 1870च्या दशकात प्रार्थना समाजाच्या लोकांनी तिथं बालकाश्रम काढला, तो पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. मागोमाग 1876-77चा दुष्काळ आला. त्या दुष्काळात इंदापूर तालुका होरपळून निघाला. नीरेचा डावा कालवा अजून यायचा होता, ऊस कुणाच्या स्वप्नातही नव्हता. विधवेच्या लेकराबरोबर आता भुकेनं आई-बाप गेलेलं लेकरूही अनाथ म्हणून येऊ लागलं.

पुण्याच्या बाजूला त्याआधीच जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात दार उघडलं होतं. 1863 सालचं त्यांचं बालहत्या प्रतिबंधक गृह. विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, असं त्यांनी जाहीर केलं. ‘गुपचूप’ म्हणजे बाईची अब्रू राखायची. पण 1874 साली तिथं जन्मलेल्या ज्या मुलाला त्या दोघांनी दत्तक घेतलं, त्या यशवंतच्या जन्मदात्रीचं नाव काशीबाई होतं, हे आज शाळकरी पोरही सांगतं. फुल्यांच्या घरात आईवर पांघरूण होतं, पण तिला कुणी पुसून टाकलं नाही. परदेशी दत्तकाच्या पुढच्या सगळ्या गोष्टीत मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो.

पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दौंडच्या पुढे केडगाव आहे. पुढच्या दुष्काळांत उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली पंडिता रमाबाईंनी तिथं मुक्ती मिशनमध्ये आणल्या. त्या काळी अमेरिका आणि इंग्लंडमधून अनाथांसाठी पैसा यायचा. पैसा इकडे यायचा, मूल इथंच राहायचं.

मूल तिकडे जायला लागलं ते 1960नंतर, आणि 1970च्या दशकात ओघ वाढला. पाळणा हलवायला तिकडे मुलं कमी पडू लागली होती, संततिनियमनाच्या गोळ्या आल्या होत्या, गर्भपाताचे कायदे सैल होत होते, कुमारी मातेला मूल वाढवणं जमू लागलं होतं. कोरियातल्या लढाईनंतर तिथली मुलं अमेरिकेत जाण्याचा रिवाजच पडला होता. आपल्याकडेही 1971चा गर्भपाताचा कायदा झाला, पण त्याची मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांची होती. गावातली अठरा वर्षांची पोर पाच महिने पदराआड पोट दडवते. तिच्या आईच्या लक्षात येईपर्यंत वीस आठवडे उलटलेले असतात. कायदा होता, पण आमच्या पोरींच्या वाट्याला तो उशिरा यायचा. मग ‘मामीकडं गेलीय शिवणकाम शिकायला’ असं सांगून तिला पुण्याच्या एस.टी.त बसवायचं.

त्याच दशकात व्हिएतनाममध्ये काय झालं ते अनेकांनी वाचलं असेल. एप्रिल 1975मध्ये सायगाव पडायच्या बेतात असताना अमेरिकेनं विमानं भरून मुलं बाहेर काढली, अडीच हजारांहून अधिक. 4 एप्रिलला यातलं पहिलं मोठं लष्करी विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळलं. 138 माणसं गेली, त्यांत 78 मुलं होती. तरीही उड्डाणं थांबली नाहीत. मुलं अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, युरोपात घरोघरी वाटली गेली. ती सगळीच अनाथ नव्हती. लढाईत पोट भरत नाही म्हणून कुणा आईनं थोड्या दिवसांसाठी आश्रमात ठेवलेलं लेकरूही त्यांत होतं. काहींचे कागद हरवले, काहींना दुसऱ्याच मुलाचे कागद लागले. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्यायालयात यावर दावाही लागला. आज पन्नाशीला पोचलेली ती मुलं लाळेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवून आई शोधतात.

पुण्यात लढाई नव्हती, विमान पडलं नव्हतं, म्हणून आपल्याला वाटतं आपल्या मुलांचं सगळं रीतसर झालं. रीत काय होती ते बघा. 1956च्या हिंदू दत्तक कायद्यानं परक्या देशाच्या ख्रिस्ती जोडप्याला इथं दत्तक घेता येत नव्हतं. म्हणून 1890च्या, इंग्रजांच्या वेळच्या पालकत्वाच्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून फक्त पालकत्व घ्यायचं, मूल घेऊन जायचं आणि दत्तकविधान आपल्या देशात उरकायचं. न्यायालयापुढे संस्थेचा कागद यायचा. आई कोण, ती स्वतःहून देते आहे की तिला द्यायला लावलंय, हे विचारायला ती तिथं उभी नसायची.

आपली माणसं या मुलांना का घेत नव्हती, हेही सांगायला हवं. मूलबाळ नसलं तर भावकीतला पुतण्या मांडीवर घ्यायचा, तोही मुलगा. परक्याचं मूल, जात माहीत नाही, त्यातून मुलगी आणि रंगानं सावळी, अशी चार कारणं सांगून दार लावलेलं असायचं. ज्या मुलांना आपण नाकारलं, तीच विमानात बसली.

त्यांच्यातली सगळ्यांत नावाजलेली म्हणजे लिसा स्थळेकर. 13 ऑगस्ट 1979ला पुण्यात जन्मली, ससून रुग्णालयाच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’ अनाथालयात होती. हरेन आणि सू स्थळेकर हे जोडपं मुलगा शोधत आलं होतं आणि या मुलीला घेऊन गेलं. अमेरिका, केनिया करत ती सिडनीत वाढली, ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाची कर्णधार झाली. एक दिवसाच्या सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी घेणारी ती पहिली बाई. मोठेपणी ती ‘श्रीवत्स’ पाहूनही गेली. तिचं कौतुक मला मनापासून आहे. पण आपल्या वर्तमानपत्रांनी ते वाचवलेल्या मुलीचं यश म्हणूनच छापलं. तिची आई त्या बातम्यांत फक्त टाकून जाणारी म्हणून येते. मी अशा बायांना दूध आटण्याच्या गोळ्या दिल्या आहेत. छातीला गाठी होऊन तापानं फणफणलेली बाई ‘टाकून जाणारी’ एवढ्यानं संपत नाही.

दुसरं उदाहरण अरुण डोहले यांचं. 1973 साली पुण्यात जन्म, जर्मनीत दत्तक. आई कोण हे विचारायला ते परत आले, तेव्हा कागद असूनही मिळेनात. मुंबई उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशी वर्षानुवर्षं लढाई झाली. 2010मध्ये त्यांची आईशी भेट झाली. म्हणजे नाव कुठंतरी लिहिलेलं होतं. ते मिळवायला माणसाला अर्धं आयुष्य घालवावं लागलं.

मधल्या काळात कायदा बदलला होता. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं 1984 साली न्यायमूर्ती भगवतींच्या निकालात नियम घातले: आधी देशातल्या घरांना विचारा, आईला फेरविचाराला वेळ द्या, कागद त्रयस्थाकडून तपासून घ्या. 1990मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा आली, 2003मध्ये भारतानं परदेशी दत्तकाबद्दलच्या हेगच्या कराराला मान्यता दिली. तरी 2010मध्ये पुण्यातल्याच एका संस्थेवर केंद्रीय अन्वेषण विभागानं गुन्हा नोंदवला. नेदरलँड्सनं तर 2021मध्ये चौकशी समितीचा अहवाल वाचून परदेशातून मुलं आणणंच थांबवलं.

याच्या अगदी उलट गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडून गेली आहे. 1943 ते 48 कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले, बहुतेक बाया आणि मुलं, त्यांत कितीतरी अनाथ. त्यांना त्यांच्याच भाषेच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होती. कुणी त्यांची नावं बदलली नाहीत. परक्याच्या लेकराला त्याच्या नावानिशी सांभाळता येतं, हे पंचगंगेकाठी सिद्ध झालेलं होतं.

आता आमच्या नोंदवहीबद्दल. गरोदर बाईच्या नोंदीत शेवटी बाळंतपण कसं झालं याचा रकाना असे. जिवंत, मृत, गर्भपात, एवढंच लिहायची सोय. जन्मलं, जिवंत आहे आणि देऊन टाकलं, याला जागा नाही. एका वस्तीवरची पोर पुण्याहून परत आली तेव्हा तिची आई माझा हात धरून म्हणाली, “बाई, वहीत काय लिवू नगा. पोरीचं लगीन हाय.” मी तिला म्हटलं, “मावशी, वही माझ्या कुलपात असती. कुणाला दावायची नाय. पण लिवू द्या.” मी शेऱ्यात तारीख लिहिली, मुलगी झाल्याचं लिहिलं, पुण्याला ठेवल्याचं लिहिलं. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाईसाठी पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवतात. त्या मुलीची पाचवी कुणी पुजली असेल की नाही देव जाणे. निदान माझ्या वहीत तरी दोन ओळी पडल्या.

आजच्या दत्तक नियमांत मोठं झालेल्या मुलाला मुळांचा शोध घेता येतो, त्यालाच, मध्यस्थाला नाही. आईनं मूल सोपवताना आपलं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तर मूल का सोपवावं लागलं तेवढं त्याला सांगायचं. मला हा नियम योग्य वाटतो. माझी काळजी विचारणाऱ्याबद्दल आहे. माझ्या वहीतली ती पोर आज साठीच्या आसपासची, नातवंडांची आजी. नवऱ्याला, सुनांना काही ठाऊक नाही. तिच्या दारात सरकारी जीप उभी राहिली, फाईल घेऊन साहेब उतरले, तर ती घाबरून नाहीच म्हणेल, आणि तो नकार कागदावर तिचा म्हणून कायमचा राहील. जिल्हा बाल संरक्षण कक्षानं संमती विचारण्याचं हे काम गावच्या आशाताईला किंवा नर्सला द्यावं. आम्ही रक्तदाब बघायला घरात जातो, आमच्याबरोबर बाई गोठ्यामागं चार शब्द बोलते. तिला पहिल्याच भेटीत उत्तर मागू नये. आज नाही म्हणाली तरी पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन विचारायची मुभा नियमात लिहून ठेवावी.